नगरनियोजनातील लोकसहभाग : हरकतीपासून निर्णयापर्यंत
(नाशिक परिसरातील अनुभवांच्या आधारे एक विवेचन)

सारांश

शाश्वत विकासाच्या प्रत्येक आराखड्यात 'लोकसहभाग' हा शब्द आढळतो. हा सहभाग नियोजनाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अधिकारासह दिला जातो, यावर मात्र त्याचे फलित अवलंबून असते. प्रस्तुत लेखात नाशिक शहराच्या विकास आराखड्याचा अनुभव आणि नाशिक जिल्ह्यातीलच वाघाड प्रकल्पावरील पाणी वापर संस्थांचा अनुभव यांची तुलना केली आहे. निर्णय झाल्यानंतर हरकत नोंदविण्याची संधी मिळाली की सहभाग खासगी हितापुरता संकुचित होतो. निर्णयापूर्वी माहिती, अधिकार व जबाबदारी एकत्र मिळाली, तर सामायिक संसाधनाचे जतन हा लोकांच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग बनतो, असे या तुलनेतून दिसून येते.

प्रस्तावना

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे मांडली. १९९२ मध्ये रिओ येथील वसुंधरा परिषदेने स्वीकारलेल्या 'अजेंडा २१' या कृतिकार्यक्रमात स्थानिक स्वराज्य संस्थांनी नागरिकांशी विचारविनिमय करून आपापला कार्यक्रम तयार करावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरावे उद्दिष्ट शहरांविषयीचे असून त्यातही सहभागी नियोजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. तत्त्व म्हणून लोकसहभाग आता सर्वमान्य झाला आहे. प्रश्न आहे तो व्यवहाराचा.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नाशिक हे उपयुक्त क्षेत्र ठरते. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. तीर्थक्षेत्र, औद्योगिक नगरी आणि द्राक्षशेतीचा प्रदेश अशी तिहेरी ओळख असलेल्या या शहरात गोदावरी, नंदिनी (नासर्डी), वाघाडी व वालदेवी या नद्यांचे आरोग्य, शेतजमिनीचे नागरीकरण आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ कुंभमेळा हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. असे प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या आराखड्याने सुटत नाहीत. त्याचबरोबर तज्ज्ञांवाचून केवळ सभा भरवूनही ते सुटत नाहीत.

सहभाग : संकल्पनेचे अर्थ

'सहभाग' या एकाच शब्दाखाली अनेक भिन्न व्यवहार येतात. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ साली लिहिलेल्या निबंधात 'नागरिक सहभागाची शिडी' मांडली. तिला आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर सहभागाचा केवळ देखावा असतो. मधल्या पायऱ्यांवर नागरिकांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते किंवा त्यांचे समाधान केले जाते. परंतु ते मत स्वीकारण्याचे बंधन कोणावर नसते. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, अधिकारांचे हस्तांतरण आणि प्रत्यक्ष नागरी नियंत्रण येते. अर्नस्टाईन यांचा मुख्य मुद्दा असा की, अधिकाराची फेरवाटणी झाल्याशिवाय होणारा सहभाग हा रिकामा उपचार ठरतो.

भारतीय संदर्भात याहूनही जुना एक धागा उपलब्ध आहे. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. आराखड्यापूर्वी सर्वेक्षण आणि उपचारापूर्वी निदान, हा त्यांच्या नगरनियोजनाचा पाया होता. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी तेथील रहिवाशांचे जीवन समजून घेऊन आवश्यक तेवढाच बदल करावा, असे ते सांगत. अर्नस्टाईन यांनी 'किती अधिकार' हा प्रश्न विचारला, तर गेडिस यांच्या पद्धतीतून 'कोणत्या टप्प्यावर' हा प्रश्न पुढे येतो. पुढील विवेचनात या दोन्ही कसोट्या वापरल्या आहेत.

कायद्याने दिलेली जागा

महाराष्ट्रातील शहरांचे विकास आराखडे 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यान्वये तयार होतात. त्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम नियोजन प्राधिकरण आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नंतर विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. त्यावर आधारित प्रारूप आराखडा कलम २६ अन्वये प्रसिद्ध करून नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. कलम २८ अन्वये नेमलेली नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते आणि आराखडा अंतिम मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो.

या रचनेत नागरिकाला स्थान आहे. परंतु ते स्थान कोठे आहे हे पाहणे महत्त्वाचे ठरते. इरादा जाहीर होतो त्या वेळी सूचना देता येतात. पण तेव्हा समोर नकाशा नसल्याने सामान्य नागरिकाला बोलण्यासारखे काही हाती लागत नाही. नकाशा समोर येतो तेव्हा रस्ते, आरक्षणे आणि वापर विभाग ठरून गेलेले असतात. त्यामुळे नागरिकाची भूमिका आपोआप हरकतदाराची होते.

हरकतीचेही एक स्वरूप असते. आराखडा सर्व्हे क्रमांकांच्या भाषेत बोलतो. ज्याच्या सर्व्हे क्रमांकावर आरक्षण पडले, त्याला आपले नुकसान तत्काळ दिसते व तो सुनावणीस येतो. भाडेकरू, झोपडपट्टीतील कुटुंब, रोजंदारीवरील मजूर, फेरीवाला यांच्या नावे सर्व्हे क्रमांक नसतो. नाला, भूजल, जुने वृक्ष, पूररेषा यांच्या वतीने हरकत घेणारा तर क्वचितच असतो. परिणामी सुनावणीच्या दालनात खासगी हितसंबंध मोठ्या संख्येने आणि सामायिक हित अत्यल्प प्रमाणात उपस्थित राहते. हा नागरिकांच्या वृत्तीचा दोष म्हणता येणार नाही. कार्यपद्धतीनेच तो घडविलेला आहे.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केला आणि तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यातील कलम २९अ अन्वये प्रभाग समितीवर स्वयंसेवी व समाजाधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नाशिकचा समावेश होता आणि लोकसहभागाचा कायदा करणे ही त्या अभियानातील एक अट होती. त्यानुसार राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामीण भागातील ग्रामसभेप्रमाणे मतदान केंद्रांच्या पातळीवर मतदारांची सभा, अशी ही कल्पना. मात्र ग्रामसभा जशी गावाच्या अंगवळणी पडली, तशी क्षेत्रसभा शहरांत रुजली नाही.

नाशिक शहराचा अनुभव

नाशिकच्या १९९३ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यानंतर सुधारित आराखड्याची प्रक्रिया सुरू झाली. २०१३ मध्ये पुढे आलेल्या प्रारूप आराखड्यास शेतकरी व जमीनमालकांनी तीव्र विरोध केला. आरक्षणांचा भार अल्पभूधारकांवर पडतो, हा विरोधाचा प्रमुख मुद्दा होता. अखेर तो आराखडा बाजूस ठेवून नव्याने काम करावे लागले. नवा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यास २०१७ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली. म्हणजे १९९३ च्या आराखड्यापासून सुधारित आराखड्याच्या मंजुरीपर्यंत चोवीस वर्षे लोटली. दरम्यान शहर थांबले नाही. ते वाढतच गेले. नागरिकांना आधी विचारल्यास वेळ जातो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आधी न विचारल्यामुळे किती काळ खर्ची पडू शकतो, याचे उदाहरण नाशिकने घालून दिले.

जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात नाशिकची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. या प्रस्तावात मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरातील सुमारे साडेसातशे एकर शेतजमिनीवर हरितक्षेत्र विकासाची नगररचना योजना होती. नगररचना योजनेचे तत्त्व भूसंपादनाहून वेगळे आहे. जमिनी एकत्र करून त्यांची पुनर्रचना केली जाते, रस्ते व सार्वजनिक सुविधांसाठी काही हिस्सा वगळला जातो आणि उर्वरित विकसित भूखंड मूळ मालकांना परत मिळतात. तत्त्वतः ही भागीदारीची योजना होय. तरीही शेतकऱ्यांत दोन तट पडले. किती हिस्सा परत मिळणार, खर्चाचा भार कोणावर पडणार आणि शेती सोडल्यानंतर उपजीविकेचे काय, या प्रश्नांवर एकमत होऊ शकले नाही. ३१ मार्च २०२५ रोजी अभियानाची मुदत संपली तेव्हा ही योजना प्रत्यक्षात उतरलेली नव्हती. क्षेत्र व योजनेचा प्रकार आधी ठरला आणि संमतीचा शोध नंतर सुरू झाला, हा क्रम येथे विचारात घ्यावा लागतो.

गोदावरीच्या बाबतीत नागरिकांनी निराळा मार्ग धरला. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातील नदीपात्रात काँक्रिटीकरण झाले. गर्दीच्या व्यवस्थापनासाठी ते सोयीचे वाटले; परंतु त्याखाली प्राचीन कुंडे व त्यांतील झरे झाकले गेले. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली उपाययोजनांचा विचार सुरू झाला. कुंडांवरील काँक्रीट काढण्यासाठीही नागरिकांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. ज्या माहितीच्या आधारे हे प्रयत्न झाले, ती जुनी कागदपत्रे, नकाशे आणि स्थानिक स्मृती काँक्रिटीकरणापूर्वीही उपलब्ध होती. नियोजनाच्या वेळी ती विचारात घेण्याची व्यवस्था मात्र नव्हती.

२०२५ च्या अखेरीस याच प्रश्नाने तपोवनात पुन्हा डोके वर काढले. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याकरिता तेथील मोठ्या संख्येने वृक्ष तोडण्याच्या प्रस्तावावर १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे हरकती मागविण्यात आल्या. नागरिकांनी शेकडो हरकती नोंदविल्या, आंदोलन झाले. येथेही नागरिकापुढे आलेला प्रश्न 'कोणती झाडे तोडावीत' एवढाच होता. 'साधुग्रामाची मांडणी कशी असावी, झाडे राखून ती करता येईल काय' हा मूळ प्रश्न त्यापूर्वीच चर्चेस यावयास हवा होता. सिंहस्थ हा आकस्मिक प्रसंग नव्हे. त्याचे वर्ष बारा वर्षे आधी ठाऊक असते. पूर्वविचारासाठी इतका अवधी देणारा दुसरा नागरी प्रसंग सापडणे कठीण आहे.

येथे आणखी एका बाबीची नोंद आवश्यक आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ निवडणुका न झाल्याने कारभार प्रशासकाकडे राहिला. लोकनियुक्त सदस्यांवर आधारलेल्या प्रभाग समित्या या काळात अस्तित्वात नव्हत्या. प्रातिनिधिक लोकशाहीची चौकटच नसेल, तर सहभागी लोकशाहीला टेकण्यास जागा उरत नाही.

वाघाडचा अनुभव

नाशिक शहरापासून फार दूर नसलेल्या दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटच्या भागात निफाड तालुक्यातील ओझर येते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे पुच्छभागाला, पाणी न पोहोचणे हे महाराष्ट्रातील सिंचनाचे जुने दुखणे होय. ओझरची स्थिती याहून वेगळी नव्हती. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी या प्रश्नावर शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था स्थापन झाल्या.

या संस्थांची कार्यपद्धती समजून घेणे उद्बोधक ठरते. पाटबंधारे विभाग संस्थेला ठरलेला पाणीकोटा घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, देतो. त्या पाण्याची पाळी, वाटप आणि पाणीपट्टीची वसुली संस्था स्वतः करते. कोणते पीक घ्यावे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास असते. परंतु पाणी मर्यादित व मोजलेले असल्यामुळे जास्त पाणी पिणाऱ्या पिकाची किंमत त्याला आपल्या हिश्श्यातच दिसते. ओझरच्या संस्थांनी कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांवरील बंधाऱ्यांत सोडून विहिरींचे पुनर्भरण केले आणि कालव्याचे पाणी व भूजल यांचा एकत्रित विचार केला. नियोजनाच्या ग्रंथांतून शिफारस केली जाणारी ही संयुक्त पाणीवापराची पद्धत येथे शेतकऱ्यांच्या निर्णयातून आकारास आली.

पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन होऊन व्यवस्थापन लाभधारकांकडे आले. यानंतर 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५' हा कायदा झाला. संस्थेच्या संचालक मंडळावर शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद त्यात आहे. ज्याच्यापर्यंत पाणी शेवटी पोहोचते, त्याला निर्णयात स्थान असलेच पाहिजे, हे सूत्र त्यामुळे कायद्यात आले. वाघाडच्या संस्था या कायद्याच्या आधीच्या; अनुभव आधी आणि कायदा नंतर, असा हा क्रम आहे.

दोन अनुभवांतील भेद

वरील दोन अनुभवांची तुलना केली असता चार भेद ठळकपणे दिसतात.

पहिला भेद काळाचा. शहरात नागरिक आराखडा तयार झाल्यानंतर येतो. वाघाडच्या लाभक्षेत्रात प्रत्येक हंगामाच्या आरंभी, पाणी सुटण्यापूर्वी, नियोजन होते.

दुसरा भेद माहितीचा. धरणात किती पाणी आहे, संस्थेचा कोटा किती, कोणाला किती पाळ्या मिळाल्या, हे आकडे शेतकऱ्याला कळतात व पडताळता येतात. शहराच्या आराखड्याचा नकाशा प्रसिद्ध होतो. परंतु एखादे आरक्षण तेथेच का, याची कारणे सामान्य नागरिकाच्या हाती सहजासहजी येत नाहीत.

तिसरा भेद जबाबदारीचा. हरकत नोंदविणाऱ्यावर पुढील कोणतीही जबाबदारी नसते. पाणी वापर संस्थेच्या सभासदाला पाणीपट्टी भरावी लागते, चारीच्या दुरुस्तीस हातभार लावावा लागतो आणि शेजाऱ्यासमोर आपल्या वापराचा हिशेब द्यावा लागतो.

चौथा भेद सातत्याचा. आराखड्याची सुनावणी दोन दशकांतून एकदा येते. संस्थेची सभा दरवर्षी भरते. एकदाच मिळणाऱ्या संधीत माणूस आपले तेवढे वाचविण्याचा प्रयत्न करतो. ज्यांच्याशी दरवर्षी व्यवहार करावयाचा आहे, त्यांच्याशी मात्र तो तडजोड करण्यास शिकतो.

तुलनेच्या मर्यादा

ही तुलना ताणून धरता येणार नाही. वाघाडचे लाभक्षेत्र निश्चित आहे, संसाधन एकच आहे आणि सभासद जमीनधारक आहेत. भूमिहीन मजूर त्या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. शहरात संसाधने अनेक, रहिवासी बदलते आणि हितसंबंध परस्परविरोधी असतात. शिवाय स्थानिक सहभाग प्रादेशिक न्यायाची हमी देत नाही. नाशिकच्या धरणांतील पाणी आणि जायकवाडीचा हक्क यांविषयीचा वाद हेच दर्शवितो. प्रत्येक गावाने आपापले उत्तम नियोजन केले, तरी नदीच्या खालच्या अंगाला असणाऱ्याचा विचार करण्यासाठी वरिष्ठ पातळीवरील यंत्रणा आवश्यक राहतेच.

नेतृत्वाचा मुद्दाही दृष्टिआड करता येत नाही. ओझरच्या यशामागे कार्यकर्त्यांचे अनेक वर्षांचे काम होते. केवळ कायदा किंवा शासननिर्णय काढून अशी संस्था उभी राहत नाही. क्षेत्रसभेचा अनुभव हेच सांगतो.

पुढील दिशा

शहराच्या चौकटीत हे सूत्र लागू करण्यास कायद्यातच काही जागा उपलब्ध आहेत. विद्यमान भूवापर नकाशा तयार होण्याचा टप्पा हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा. प्रभागनिहाय नकाशा रहिवाशांसमोर ठेवून नाले, विहिरी, जुने वृक्ष, पाणी साचण्याच्या जागा आणि प्रत्यक्ष वापरातील पायवाटा त्यावर नोंदविल्या, तर सामायिक संसाधने आराखड्याच्या पायातच समाविष्ट होतील. या टप्प्यावर कोणाच्या जमिनीवर आरक्षण पडलेले नसते. त्यामुळे चर्चा खासगी हितापासून काहीशी मुक्त राहू शकते.

अर्थसंकल्प ही दुसरी जागा. ब्राझीलमधील पोर्टो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अर्थसंकल्पाचा प्रयोग सुरू केला. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातील लहान कामांच्या सूचना मागविण्याची पद्धत अवलंबिली. कामे लहान असतात; परंतु सूचना दरवर्षी मागविल्या जातात आणि सातत्य हेच तिचे बलस्थान ठरते. तिसरी बाब कारणमीमांसेची. प्रत्येक हरकतीवरील निर्णय लेखी कारणांसह सर्वांना पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाला, तर नकारही समजून घेता येतो.

या प्रक्रियेत महाविद्यालयांचे स्थान दुय्यम नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर सक्तीच्या झालेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात स्थानिक क्षेत्रकार्याचा अंतर्भाव करण्यात आला. भूगोल विभागाचे नकाशे, रसायनशास्त्र विभागाची पाणीतपासणी, समाजशास्त्र विभागाची वस्ती-सर्वेक्षणे आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होत असतात. त्यांचे अहवाल गुणदानानंतर कपाटात पडून राहतात. एका महाविद्यालयाने एक प्रभाग किंवा एक नाला निवडून त्याच्या नोंदी सलग दहा वर्षे ठेवल्या आणि प्रभाग समितीस सादर केल्या, तर आराखड्याच्या वेळी नागरिकांच्या हाती भावनेबरोबर पुरावाही असेल. गेडिस यांनी सांगितलेले 'आधी निदान' ते हेच.

समारोप

नाशिकच्या अनुभवातून असे दिसते की, लोक सहभाग घेत नाहीत ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. २०१३ चा आराखडा, मखमलाबादची योजना, गोदावरीची याचिका आणि तपोवनातील वृक्ष या प्रत्येक प्रसंगी लोक पुढे आले. ते विरोधक म्हणून आले, कारण प्रक्रियेने त्यांच्यासाठी तेवढीच भूमिका शिल्लक ठेवली होती. ओझरच्या शेतकऱ्यांना मोजलेले पाणी, निर्णयाचा अधिकार आणि वसुलीची जबाबदारी एकाच वेळी मिळाली, तेव्हा त्यांनी कालव्याच्या पुच्छापर्यंत पाण्याचा हिशेब लावून दाखविला. शाश्वत नगराच्या नियोजनात नागरिकाला कोठे बसवावयाचे, सुनावणीच्या दालनाबाहेरील रांगेत की नकाशा उलगडला जातो त्या मेजाभोवती, हा तांत्रिक तपशिलाचा प्रश्न नसून नियोजनाच्या यशापयशाचा प्रश्न आहे.